दूध-पाणी

सुमेधाने रसायनाची तिसरी बाटली पिवळ्या कचरापेटीत टाकली. परवाच सील फोडलेली, जवळजवळ भरलेली बाटली. टाकताना जिवावर आलं, पण इलाज नव्हता. हाडाच्या नमुन्यात गाय सापडली होती आणि ती या बाटल्यांतून आली की आणखी कुठून, ते कुणालाच कळत नव्हतं.

"गाय!" मागे उभी असलेली कॅरोल पुन्हा म्हणाली. सस्काटूनच्या विद्यापीठातल्या या प्रयोगशाळेची ती प्रमुख, आणि इथल्याच एका शेतकऱ्याची मुलगी. "माझं अख्खं बालपण गाईंचं शेण उपसण्यात गेलं. त्यांच्यापासून सुटका व्हावी म्हणून मी पीएच.डी. केली. आणि आता ही बया रोममध्येही हजर?"

एरवी सुमेधा पोट धरून हसली असती. आज तिला हसू आलं नाही.

हाड रोमजवळचं होतं. जुन्या बंदराच्या वाटेवर सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची एक कबर सापडली होती. आत कुशीवर निजलेली एक बाई आणि तिच्या कवेत सहा-सात वर्षांची मुलगी. तिथल्या संग्रहालयाने दोघींना तशाच काचेच्या पेटीत ठेवून खाली पाटी लावली होती: 'आई आणि मुलगी'. शाळांच्या सहली यायच्या, बायका पेटीपुढे उभ्या राहून डोळे पुसायच्या. आता संग्रहालयाला त्या पाटीवर विज्ञानाचा शिक्का हवा होता. म्हणून दोघींचं कानामागचं एकेक हाड, सुपारीपेक्षा थोडं मोठं, समुद्र ओलांडून सस्काटूनला आलं होतं. शरीरातलं सगळ्यात टणक हाड तेच. कुठे डीएनए टिकला तर तिथे टिकतो. बाईचा नमुना स्वच्छ निघाला. मुलीच्या नमुन्यात मात्र सावळागोंधळ होता: एक गाय, आणि एक भारतीय बाई.

भारतीय बाई म्हटल्यावर पहिली पाच मिनिटं कॅरोलचेसुद्धा डोळे चमकले. साम्राज्य भरभराटीला आलं होतं त्या काळातल्या रोमच्या कबरी तपासल्या, तर त्यातली पुष्कळ माणसं सीरिया, तुर्कस्तान, ग्रीस इकडच्या लोकांशी जुळतात, हे आता जगजाहीर आहे. मग एखादी आणखी लांबून आलेली का नसावी? पण तो आनंद पाच मिनिटंच टिकला. जुना डीएनए म्हणजे वाळलेल्या भाकरीचा भुगा, आणि हे तुकडे ताज्या पोळीसारखे सलग होते. म्हणजे ही भारतीय बाई आजची होती, चांगली जिवंत होती, आणि तिचा हात त्या हाडाला लागला होता.

अशा वेळेसाठीच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या गालाच्या आतला नमुना आधी घेऊन ठेवलेला असतो. भारतीय दोघीच होत्या, सुमेधा आणि तिची विद्यार्थिनी ईशिता. दोघींशीही जुळेना.

"बाहेरचं कुणीतरी आहे," कॅरोल म्हणाली. "शुक्रवारी मला संग्रहालयाला कळवावं लागेल. तोवर शोध. आणि सापडलं नाही, तर सगळी लॅब बंद करून धुवायची. तुझं प्रोजेक्टही बंद, माझंही."

सुमेधा 'हो' म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे एक चेहरा येऊन गेला होता, पण लगेच गाय आडवी आली. त्या चेहऱ्याचा आणि गाईचा काही संबंध लागेना.

तिने गाडी घरापुढे लावली आणि इंजिन गोठू नये म्हणून ब्लॉक हीटरची वायर प्लगमध्ये खोचली, तेव्हा बोटं बधिर झाली होती. उणे चौतीस. दार उघडताच फोडणीचा वास आला आणि पाठोपाठ स्पीकरवरचा अरविंदचा आवाज. अरविंद म्हणजे तिचा थोरला दीर. नागपुरात पहाटे फिरायला निघण्याआधी तो रोज आईला फोन करायचा.

"आई, मार्चअखेरचं तिकीट काढून टाकू का? इकडे पोरं रोज विचारतात, आजी कधी येते म्हणून."

"बघते," सीमाबाई म्हणाल्या.

"बघते काय? तीन वर्षं झाली. सुमेधा तरुण आहे, उद्या ती तिचं काही ठरवेल तर तुझीच तिला अडचण व्हायची. आणि मिलिंद गेल्यावर तिथे आता तुझं आहे कोण?"

सुमेधा दारातच एका पायात बूट ठेवून उभी राहिली. सीमाबाईंनी कढईवर झाकण ठेवलं आणि पुन्हा एकदा "बघते रे" म्हणून फोन बंद केला.

सीमाबाई तिच्या सासूबाई. नागपूरच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. इथे यायचं होतं ते मुलाकडे, पण त्या आल्या तेव्हा मुलगा उरला नव्हता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मिलिंद पोटॅशच्या खाणीतल्या नोकरीवरून ताप घेऊनच घरी आला आणि पंधरवड्यात गेला. भारतातून येणारी विमानं तेव्हा बंद होती. पुढच्या वर्षी सीमाबाई आल्या त्या 'सुनेला महिनाभर सोबत' म्हणून. त्या महिन्याचे कसे कोण जाणे तीन हिवाळे झाले.

दोघींचं छान जमलं होतं, म्हणजे दोघी दिवसभर भांडायच्या. सुमेधाला कणीक भिजवता येत नाही यावर सीमाबाई रोज बोलायच्या आणि शेवटी स्वतःच भिजवायच्या. नका म्हटलं तरी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायच्या आणि मग कंबर धरून बसायच्या. शनिवारी दोघी सोफ्यावर पाय घेऊन आइस हॉकी बघायच्या. नियम सीमाबाईंना आजवर कळले नव्हते, पण खेळाडूंची मारामारी सुरू झाली की त्या सरसावून बसायच्या आणि "दे, दे त्याला एक!" म्हणायच्या. सुमेधाला स्वतःची आई नव्हती. ती लहान असतानाच गेली होती. मिलिंद गेल्यावर हे घर तिने विकायला काढलं होतं, ते सीमाबाई आल्यावर विकलं नाही, एवढी एकच गोष्ट पुरे.

पण 'जाऊ नका' हे तिला म्हणता येत नव्हतं. नवऱ्याच्या आईला, नवरा नसताना, कुठल्या तोंडाने थांबवायचं? तिकडे पोटचा मुलगा, सख्खी नातवंडं. इकडे काय, तर उणे चौतीस आणि एक सून. तिने दुसरा बूट काढला, हात धुतले आणि ताटं घेतली. तिकिटाचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. सुमेधा कॉफीचा मग घेऊन स्वयंपाकघरात आली, तेव्हा सीमाबाई ओट्यावर तांब्याच्या ताम्हनात पितळेच्या गणपतीला आंघोळ घालत होत्या. पळीभर दूध, मग पाणी, आणि अंगठ्याने सोंडेच्या वळणातला मळ काढून पुन्हा पाणी. मग मऊ फडक्याने टिपून घेणं. सुमेधाने हे शंभरदा पाहिलं असेल. आज ती बघतच राहिली. शेजारी दुधाचा डबा उघडा होता, आणि डब्यावर गाईचं चित्र होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "त्या रविवारी तुम्ही माझ्या लॅबमध्ये बसला होतात नं?"

"हो. ग्रोसरीला जाऊन राहिलो होतो, अन् तुझ्या त्या फ्रीजरची घंटी वाजली म्हणून तू मला तिथे नेलंस."

"टेबलावर एका डबीत हाड होतं."

"होतं नं."

"त्याला हात लावला होतात?"

"लावला."

"आणि दूध?"

सीमाबाईंनी गणपती पुसता पुसता मान वर केली. "घातलं थोडंसं. तुमच्या त्या चहाच्या खोलीतलं. टू पर्सेंट होतं, कमी सायीचं, म्हटलं चालते."

सुमेधाने मग खाली ठेवला. तो रविवार तिला लख्ख आठवला. आतल्या स्वच्छ खोलीत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवावा लागतो, दोन-दोन हातमोजे, मास्क. त्यातच वेळ जातो. बाहेरच्या खोलीत बाहेरच्या माणसाला आणायचं नाही असा नियम. तो तिने मोडला होता, कारण सासूबाईंना थंडीत गाडीत कसं बसवायचं? आणि त्याच्या आदल्या शुक्रवारी फोटो काढून झाल्यावर मुलीच्या हाडाची डबी तिनेच उघडी ठेवली होती. हे सगळं आठवूनही आधी तिला आला तो रागच.

"अहो आई, काय करून बसलात हे! तीस वर्षं इतिहास शिकवलात आणि शेवटी इतिहासालाच आंघोळ घातलीत? कुणी नुसता हात लावला असता तर वरचा थर खरवडून काढता आला असता. तुम्ही ओलं केलंत. पाण्यावाटे तुमचं सगळं आत उतरलं, दुधाचं उतरलं. सगळ्या लॅबने तीन दिवस गाय शोधली! माझं काम जाईल, कळतंय का तुम्हाला?"

सीमाबाईंनी गणपती देव्हाऱ्यात ठेवला. नेहमी नीट मध्यावर बसवायच्या, आज तो वाकडाच बसला.

"लेकरू एकटंच होतं गं टेबलावर," त्या म्हणाल्या. "तूच म्हणाली होतीस, बाईचं हाड आत गेलंय, पोरीचं राहिलंय. माती लागली होती त्याला. अस्थींवर दूध-पाणी घालतात आपल्याकडे, निवाव्यात म्हणून. मला ते सगळं पटते असं नाही, तुला ठाऊक आहे. पण समोर अस्थी, अन् कुणीच काही केलं नाही म्हणे इतक्या वर्षांत. बाहेर काढून पेटीत ठेवली, लोक येतात, बघतात."

"आई, पण..."

"मिलिंदचं काही करता नाही आलं मला." त्यांनी ताम्हनातलं दूध-पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं. "तू नदीवर व्हिडिओ लावला होतास. मी तिकडे वाटीत दूध घेऊन बसले होते. कुठे घालणार? फोनवर? तुझा हात दिसत होता नुसता, हातमोजा घातलेला. मग फोन अडकला. अन् ते दूध नासेल म्हणून अरविंदच्या बायकोने चहाला घेतलं. मीही प्याले तो चहा."

सुमेधा खुर्चीवर बसली. त्या दिवशी नदीकाठी ती एकटीच होती. मंत्र येत नव्हते, कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं, आणि अस्थींचा डबा रिकामा झाल्यावर तो धुवायचा की टाकायचा हेही तिला कळलं नव्हतं. तेव्हा पलीकडे कुणी दूध घेऊन बसलंय, हे तिच्या गावीही नव्हतं. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

तिच्या गप्प बसण्याचा सीमाबाईंनी वेगळाच अर्थ घेतला.

"अरविंदला सांगते, तिकीट काढ म्हणून," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे त्याचं. मी इथे राहून तुझं काही ना काही बिघडवतच राहीन."

'नका सांगू' असं म्हणायला सुमेधाने तोंड उघडलं. पण निघालं ते भलतंच.

"आधी कोट घाला. लॅबला जायचंय."

कॅरोलने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सीमाबाई तिच्यासमोर जाड पार्का कोटाच्या आत इस्त्रीची साडी नेसून, मुख्याध्यापिकेपुढे उभं केलेल्या मुलीसारख्या उभ्या होत्या. सुमेधाने आपली चूक सांगितली, नियम मोडला तो सांगितला, उघड्या डबीचं सांगितलं. मग कॅरोल सीमाबाईंकडे वळली.

"व्हाय मिल्क?"

सीमाबाईंचं इंग्रजी शाळेतलं, पण व्याकरणशुद्ध. "वुई पुट मिल्क ऑन द बोन्स ऑफ आवर डेड," त्या म्हणाल्या. "माय सन डाइड हिअर. आय कुड नॉट कम." मग जरा थांबून, "आय अ‍ॅम व्हेरी सॉरी. इट वॉज टू पर्सेंट."

कॅरोलने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मिलिंदच्या वेळी तीच रोज सुमेधाच्या पायरीवर सूपचा डबा ठेवून जायची.

"नियम तुम्ही मोडला नाही, तिने मोडला," शेवटी ती म्हणाली. "सुमेधा, सहा महिने हाडांच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. हाताचं काम ईशिता करेल, तू बाहेर बसून आकडे बघ. संग्रहालयाला मी सगळं खरं लिहिणार आहे, दुधासकट. त्यांनी हाड परत मागितलं तर द्यावं लागेल." मग तिने खणातून एक लांब कापूसकाडी काढली. "आता तोंड उघडा. तुम्ही कोण ते नेमकं कळलं, तर तुम्हाला आणि गाईला दोघींनाही बाजूला काढता येईल. खाली काही उरलं असेल, तर ते त्या मुलीचं."

सीमाबाईंनी डोळे मिटून आ केला. परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या पुटपुटल्या, "मला अन् गाईला एका पंगतीत बसवलं त्या बाईने." सुमेधाला हसू फुटलं, मग त्यांनाही. पण त्याच संध्याकाळी त्यांनी अरविंदला 'काढ' म्हणून सांगितलं, आणि अरविंदने काढलंही.

संग्रहालयाने हाड परत मागितलं नाही. फक्त एक लांबलचक, दुखावलेलं पत्र पाठवलं. फेब्रुवारी तसाच गेला. बेसमेंटमधून बॅगा वर आल्या. सीमाबाईंनी लिंबाचं लोणचं घातलं, भाजणी केली, फ्रीजरमध्ये पुरणाचे गोळे करून ठेवले, आणि कुठल्या डब्यात काय ते सुमेधाला इतक्या वेळा सांगितलं की ती चिडली. "मी काय उपाशी मरणार आहे का?" ती म्हणाली. "मरशील," सीमाबाई म्हणाल्या, "टोस्ट खाऊन." दोघीही रोज असं काहीबाही बोलत राहिल्या, आणि बोलायचं ते राहूनच गेलं.

मार्चच्या मध्यावर निकाल आला. कॅरोलने सुमेधाला पडद्यापुढे बसवलं. सीमाबाई आणि गाय वगळल्यावर तळाशी थोडासा भुगा उरला होता. थोडाच, पण पुरेसा. बाई भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची, सीरिया-लेबनॉनच्या बाजूच्या लोकांशी जुळणारी. त्या काळच्या रोममध्ये अशी माणसं गल्लोगल्ली असणार. मुलगी मात्र पार दुसऱ्या टोकाची, आल्प्सच्या उत्तरेकडच्या लोकांशी जुळणारी. दोघींचा रक्ताचा कसलाही संबंध नव्हता. आई नाही, मावशी नाही, आजी नाही, लांबची आत्यासुद्धा नाही.

"बिचारे संग्रहालयवाले," कॅरोल म्हणाली. "आधी दूध, आता हे. पाटी उतरवावी लागणार." तिने नव्या पाटीसाठी एक ओळ टाइप केली आणि सुमेधाला पाठवून दिली. 'एक स्त्री आणि एक मुलगी. परस्परांशी नातं नाही.'

सुमेधा घरी आली तेव्हा सीमाबाई लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला फडकं बांधत होत्या.

"लागला का निकाल?" त्यांनी वळून न बघताच विचारलं. रोज विचारायच्या.

"लागला."

"मग? आईच नं ती?"

सुमेधाने सांगितलं. बाई कुठली, मुलगी कुठली, सगळं. सीमाबाई फडक्याची गाठ हातात धरून ऐकत होत्या.

"म्हणजे दोघीही बाहेरच्याच," त्या म्हणाल्या. "अन् आम्ही मुलांना शिकवायचो, रोमन म्हणजे रोमन. मग आता पाटीवर काय लिहिणार?"

सुमेधाने फोनवरची ओळ मराठीत वाचून दाखवली.

"नातं नाही?" सीमाबाईंचा आवाज वर्गातला झाला. "असं कसं लिहाल? तुमच्या मशीनला काय कळते? रक्त कळते. त्या बाईने त्या पोरीला आणलं कुठून, खाऊ घातलं का, तापात तिच्या उशाशी बसली का, हे कळते का?"

"नाही."

"अन् पुरणाऱ्यांनी दोघींना एका कुशीत का निजवलं, ते कळते?"

"नाही, आई."

"मग जे तुम्हाला कळत नाही ते 'नाही' कसं झालं? माझ्या वर्गातल्या पोराने असं लिहिलं असतं तर अर्धा मार्क कापला असता मी. 'नातं माहीत नाही' असं लिहा."

सुमेधाने उभ्याउभ्याच कॅरोलला ते लिहून पाठवलं. लगेच उत्तर आलं: 'त्यांचं बरोबर आहे. बदलते. गाईचं काही म्हणणं असेल तर तेही कळव.' तिने ते वाचून दाखवलं. सीमाबाई हसल्या, समाधानाने गाठ आवळली आणि बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवायला निघाल्या.

"आई, जाऊ नका."

बरणी फळीच्या खालीच थांबली.

"मिलिंदसाठी म्हणून नाही म्हणत," सुमेधा म्हणाली. आता थांबायचं नव्हतं. "मला तुम्ही हव्या आहात. तिकडे तुमचा मुलगा आहे, नातवंडं आहेत, माझा काही हक्क नाही, सगळं कळतं मला. दरवर्षी दोन महिने जाऊन या. पण घर म्हणून इथेच या. मी त्या दिवशी ओरडले, ते चुकलं माझं. तुम्ही गेलात तर मला या घरात एक दिवस राहवणार नाही."

सीमाबाईंनी बरणी ओट्यावर टेकवली. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पदराने आधी चेहरा पुसला, मग उगाचच ओटा.

"एवढं म्हणायला तीन वर्षं लावलीस?" त्या म्हणाल्या. "बॅगा वर आणल्या तेव्हा वाटलं, आता म्हणशील. लोणचं घातलं तेव्हा वाटलं. तू आपली गप्प. हाडांशी बोलून राहिली दिवसभर!"

"मग तुम्हीच का नाही म्हणालात?"

"मी कुठल्या तोंडाने म्हणू गं, मला ठेवून घे म्हणून?"

सुमेधा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. सीमाबाईंनी तिचं डोकं ओढून आपल्या पोटाशी धरलं. त्यांच्या हातांना लिंबाचा आणि मोहरीचा वास होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. अरविंदची फिरायला जायची वेळ झाली होती.

सुमेधाने डोळे पुसून फोन त्यांच्यापुढे धरला. सीमाबाईंनी तो घेतला नाही. एका बोटाने तिच्याकडेच परत सरकवला.

"तू बोल."

"मी? मी काय सांगू दादांना?"

"तुला काय सांगायचं ते. मी काही मध्ये बोलणार नाही." आणि खरोखरच त्यांनी ओठ मिटून घेतले.

सुमेधाने फोन उचलला.

"हॅलो आई, जेवलीस का..." पलीकडून वाऱ्याचा आणि चपलांचा आवाज आला.

"दादा, मी सुमेधा बोलतेय."

"अरे, तू! आई कुठाय?"

सुमेधाने सासूबाईंकडे पाहिलं. त्या परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक बसतात तशा ताठ बसल्या होत्या, एक हात ओट्यावर. तिने त्या हातावर आपला हात ठेवला.

"इथे आहेत," ती म्हणाली. "माझ्याजवळ. इथेच राहणार आहेत."